केइकोचा खण

आता कुठून सुरुवात करू? चपलांपासून की नारळांपासून? मुळात चूक माझीच होती एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाची बाजू घ्यायचा मोह तुम्हाला व्हायला नको. चहा ओता, गार होतोय.

आम्ही तेव्हा सनीव्हेलला होतो. दुमजली, लाकडी अपार्टमेंट्स. वर आम्ही, खाली केइको. मंदार, म्हणजे माझा नवरा, चिप्स बनवणाऱ्या कंपनीत. (बटाट्याच्या नव्हेत. माझ्या मावशीला हे अजून पटलेलं नाही.) मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. करून दिवसभर एका साडेतीन वर्षांच्या मुलीला "उड्या मारू नकोस, खाली केइको मावशी आहे" असं सांगणारी बाई.

रमाला प्रीस्कूलमध्ये जानेवारीपासून जागा मिळाली होती. पण पोचवणार कोण? मंदार सकाळी सातला शटल पकडायचा. मला गाडी येत होती, लायसन्स नव्हतं. टेस्टची तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची, आणि नेमका त्या आठवड्यात मंदार कामासाठी ॲरिझोनाला! ड्रायव्हिंग शिकवणारा गृहस्थ मला त्याच्या गाडीतून टेस्टला नेणार होता. प्रश्न रमाचा होता. ही टेस्ट हुकली तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नव्हतं, आणि जागा काही आमची वाट बघत थांबणार नव्हती. मैत्रिणी सगळ्या नोकरीवाल्या. उरली कोण? केइको.

केइकोचा हारू रमाच्याच वयाचा. दोघं वाळूत खेळायची, आम्ही दोघी बाकावर बसून एकमेकींकडे बघून हसायचो. तिचं इंग्रजी मोजकं, माझं घाबरट. ती मला "रमाचान ममा", म्हणजे आपल्या रमाची आई, म्हणायची. एवढ्या ओळखीवर मूल सांभाळायला कसं सांगणार? रिकाम्या हातानं तर नाहीच. दिवाळी नुकतीच झाली होती. मी बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात भरले आणि रमाला घेऊन खाली गेले.

केइकोनं वाकून आत घेतलं. आम्ही चपला काढल्या. हे एक बरं वाटलं, इथे कुणीतरी चपला काढायला लावणारं भेटलं! तिनं चहा दिला. हिरवा, कपाला कान नाही, साखर नाही, दूध नाही. गवती चहा घालायच्याऐवजी नुसतं गवतच घातल्यासारखा. मी घोट घेत मनात वाक्य जुळवत होते: केइको, कुड यू प्लीज... आणि माझं लक्ष दाराकडे गेलं.

केइको दाराशी गुडघ्यांवर बसली होती. माझ्या चपला तिनं उचलल्या, वळवल्या, आणि टाचा घराकडे, बोटं दाराकडे अशा नीट जोडून ठेवल्या. रमाच्या इवल्या सँडल्ससुद्धा.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा? पुण्यात माझी एक आत्या पाहुणे हलेनात की दाराची कडी वाजवून "वारा फार सुटलाय" म्हणायची. त्या संस्कारात वाढलेल्या बाईला हे समजायला दुभाषी लागत नाही. निघा! चपलासुद्धा तयार आहेत!

मी उरलेला चहा औषधासारखा घशात लोटला, रमाला उचललं आणि घरी आले. गुरुवारचा विषय पोटातच राहिला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात केइको, हातात एक गाठोडं. माझा डबा, पण कापडात बांधलेला! आणि काय कापड होतं महाराजा! जांभळं, मऊसूत, त्यावर पांढरे बगळे उडताहेत, आणि वर सशाच्या कानांसारखी गाठ. गाठ सोडली तर डबा असा लखलखीत घासलेला की हा माझाच का अशी शंका यावी. आत छोट्या वड्या, पोटात पुरणासारखं सारण.

"माय टाउन," केइको म्हणाली. "आय वेन्ट, ऑक्टोबर."

गावाला गेलं की तिथला खाऊ सगळ्यांसाठी आणायचा, अशी त्यांच्यात पद्धत आहे म्हणे. आणि डबा रिकामा परत करायचा नाही, ही तर आपलीच पद्धत! मला भरून आलं. कापड अजून तिच्या हातात दिसत होतं, म्हणून मी ते "ओह, ब्यूटिफुल!" म्हणत दोन्ही हातांनी घेतलं. केइको क्षणभर थांबली. काहीतरी म्हणणार होती. मग वाकली आणि गेली.

मी ते कापड पलंगावर पसरलं. चौकोनी. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खण! हिनं मला खण दिलाय! ब्लाउजपीसच्या मानानं जरा आखूड होता, पण जपानी बायका बारीक असतात.

तेव्हा कॉलिंग कार्डाचे दिवस. आईला फोन लावला.

"खण दिला? नुसताच? नारळ नाही दिला?"

"आई, ती जपानी आहे."

"मग काय झालं? मिळत नसतील त्यांच्याकडे. तिनं तिच्या परीनं ओटी भरली तुझी. तू नीट भर आता. आणि ऐक, तो खण दुसऱ्या कुणाला देऊन टाकू नकोस हं. मनापासून दिलेला दिसतोय."

इथे जरा थांबा. ब्लाउजपीसचं आपलं शास्त्र तुम्हाला ठाऊकच आहे. ते शिवायचे नसतात, फिरवायचे असतात. हळदीकुंकवाला आलेला बारशाला जातो, बारशाचा डोहाळजेवणाला, आणि दोनचार वर्षांनी तोच, घडीसुद्धा न मोडता, आपल्या घरी परत येतो. माझ्या कपाटातले असे खण बॅगेतून अमेरिकेपर्यंत आले होते आणि त्यातला एकही मी आयुष्यात शिवला नव्हता. एवढा एक शिवला. नेमका हा.

रमा दुपारी झोपली की मी हातानं टाके घालायचे. तिच्यासाठी पोलकं. फुग्याच्या बाह्या, गळ्याला पायपिंग. एक बगळा थेट काखेत उडत गेला, पण त्याला इलाज नव्हता. उरलेल्या तुकड्याची रिबन केली. त्यातूनही उरलं त्याचा बाहुलीला स्कार्फ. वाया काही घालवलं नाही बरं का.

मग ओटीचं सामान घेतलं. हिरवा, लाल काठाचा खण, इंडियन स्टोअरमधला नारळ, तांदूळ, कुंकू. खाली गेले. केइकोनं दार उघडलं ती जीन्स आणि स्वेटशर्टमध्ये. आता पदर कुठून आणायचा? मी खुणेनं दाखवलं, तिनं बिचारीनं स्वेटशर्टचं टोक पुढे धरलं. मी कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, वर ओंजळभर तांदूळ घातले. आणि केइको आभार मानायला वाकली.

सगळे तांदूळ कार्पेटवर!

"सॉरी! सॉरी!" केइको गुडघ्यांवर बसली आणि एकेक दाणा टिपू लागली. मग मीही बसले. दाणे टिपता टिपता आमची डोकी आपटली, माझ्या कपाळावर तिचं कुंकू. गुरुवारचं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण समोरची बाई छातीशी नारळ धरून तांदूळ वेचत असताना "माझी मुलगी सांभाळाल का" कसं विचारणार?

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात केइको. हातात बॉक्स, भाताच्या कुरकुरीत चकत्यांचा. आणि तो बांधला कशात होता? हिरवा. लाल काठाचा. माझाच खण!

ओटी परत! तिनं गाठ सोडली, बॉक्स दिला, खणाची सुरेख घडी घातली आणि ती माझ्या हातावर ठेवली. वर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. कसली वाट बघतेय कळेना. मी "थँक यू" म्हटलं. ती वाकली आणि गेली.

"ओटी परत केली?" आईचा आवाज पुण्याहून सरळ कानात घुसला. "अगं बाई! असं कुणी करत नाही गं! काय बोललीस तिला?"

"काही नाही गं आई."

"मग काय केलंस?"

मंदारला विचारलं. तो लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, "रंग आवडला नसेल."

"मंदार, हे काय एक्सचेंज काउंटर आहे?"

"पावती ठेवली होतीस का?"

या माणसाशी मी लग्न केलंय.

मी जास्त भारी खण काढला. मोरपंखी, जरीचा. पुन्हा नारळ. दाराशी ठेवलं, बेल दाबली, कपाळाकपाळीचा प्रसंग नको म्हणून हसत हसत मागे सरकले. दोन दिवसांनी केक आला. मोरपंखी खणात बांधून. घडी, हातावर, तीच नजर. मी आणखी एक खण आणि नारळ पाठवला. उत्तरादाखल लोणचं आलं. खण परत. नारळ मात्र एकही परत येत नव्हता. म्हणजे राग फक्त कापडावर होता? मानसशास्त्रात याला काही नाव नव्हतं.

मग मी तिला टाळायला लागले. एकदा लाँड्रीरूममध्ये ती येताना दिसली तर मी रमाला घेऊन ड्रायरमागे खाली बसले.

"ममा, व्हाय आर वी हायडिंग?"

"आपण मोजे शोधतोय."

"द सॉक्स आर इन युअर हँड."

इकडे मंदार ॲरिझोनाला गेला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "यार, सरळ जाऊन विचार ना तिला. हो किंवा नाही, दोनच उत्तरं आहेत."

"ती रागावलीये."

"रागावलेली बाई केक करते का?"

"मी करते," मी म्हटलं. तो बॅग उचलून निघून गेला.

मंगळवार उजाडला. गुरुवार परवावर. रात्रभर विचार करून मी एक योजना काढली होती, आणि माझ्या योजना म्हणजे काय ते आतापर्यंत तुमच्या ध्यानात आलंच असेल. केइको दुखावली का? कारण तिच्या खणाचं मी काय केलं हे तिला कधी दिसलंच नाही! आपण दिलेली वस्तू कुणाच्या अंगावर बघितली की कुणाचंही मन विरघळतं. मी रमाला ते पोलकं घातलं. रिबन बांधली. बाहुलीला स्कार्फ गुंडाळला. आणि लेकीला वाळूत नेऊन झोपाळ्यावर अशी बसवली की केइकोच्या बाकावरून थेट दिसावी.

केइको आली. बघितलं. हसली. आणि मग ते हसू तिथेच राहिलं, बाकीचा चेहरा मात्र आत निघून गेला.

ती हळूहळू झोपाळ्यापाशी गेली. खाली बसली. पोलक्याची कड उलटून बघितली. काखेतल्या बगळ्यावर बोट फिरवलं.

"सो... प्रिटी," ती म्हणाली. "यू... मेड?"

"येस!" मी आनंदानं म्हटलं. "मायसेल्फ!"

"विथ सिझर्स?"

"येस, येस! न्यू सिझर्स!"

केइकोनं श्वास घेतला. बाहुलीकडे बघितलं. पुन्हा एक श्वास घेतला. मग म्हणाली, "प्लीज. कम."

आम्ही तिच्या घरी गेलो. तिनं आमच्या चपला वळवून ठेवल्या. मागोमाग हारू आला, त्याचेही बूट तिनं तसेच वळवले. स्वतःच्या मुलाला काय घरातून हाकलणार होती? निघताना पायाला सरळ मिळावेत म्हणून! एवढी साधी माया होती ती, आणि मी गवताचा चहा घटाघटा पिऊन पळाले होते. पण पश्चात्तापाला वेळ कुठे होता? समोरच्या शेल्फवर माझे नारळ बसले होते. सगळे. ओळीनं. प्रत्येकाखाली घडी घातलेला रुमाल, आणि शेंड्या विंचरल्यासारख्या सरळ.

केइकोनं टेबलावरचा एक बॉक्स घेतला. माझे खण सगळे माझ्या घरी होते, म्हणून स्वयंपाकघरातलं एक कापड घेतलं. त्यात बॉक्स ठेवला, चारी टोकं बांधली. गाठोडं हातात धरून दारापर्यंत चालत गेली, परत आली, मला वाकून दिलं. मग गाठ सोडली. बॉक्स माझ्याकडे सरकवला. कापडाची घडी घातली आणि आपल्या छातीशी धरली.

"बॉक्स, यू," ती म्हणाली. "क्लॉथ, मी."

"क्लॉथ कम बॅक," ती अगदी हळू म्हणाली. "ऑल्वेज. गो अगेन, कम बॅक."

पिशवी! पिशवी होती हो ती! कल्पना करा, तुम्ही शेजारणीला डबा पिशवीत घालून दिलात, आणि पंधरा दिवसांनी तिची मुलगी ती पिशवी अंगात घालून झोपाळ्यावर बसलीये. वर बाहुलीच्या गळ्यात पिशवीचे बंद!

आणि मी दिलेल्या ओटीचे खण? तिला वाटलं, मी तिचं कापड ठेवून घेतलं आणि बदल्यात माझं दिलं. म्हणून ती दर वेळी माझं कापड घडी घालून परत करत होती, की बाबा, हे घे तुझं, आता माझं दे. आणि माझ्याकडे बघत उभी राहायची ती त्याचसाठी. किती सभ्यपणे मागत होती! मी दर वेळी तिला नारळ देत होते.

"सॉरी," मी म्हटलं. "केइको, आय थॉट... गिफ्ट... आय विल बाय न्यू वन. सेम. कुठे मिळतं, व्हेअर?"

"नो, नो." तिनं मान हलवली. "ओल्ड. माय ग्रँडमदर. हर वेडिंग."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. पण आमच्या खाली धरणी नव्हती, कार्पेट होतं. मी रमाकडे वळले. "रमा, काढ ते पोलकं. केइको मावशीला परत द्यायचंय."

"नो!" रमानं दोन्ही हात छातीशी घेतले. "इट्स माइन! आय लव्ह माय डक्स!"

"बगळे आहेत गं ते!"

"डक्स!"

केइकोनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, रडतेय. खांदे हलत होते. जवळ जाऊन बघते तर बाई हसत होती! आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. "डक्स," ती कशीबशी म्हणाली. "ग्रँडमदर... डक्स..." पुन्हा खांदे हलायला लागले.

हसून झाल्यावर तिनं शेल्फकडे बोट दाखवलं. "प्लीज. हाऊ टू ओपन? हजबंड, हॅमर. नो. हजबंड, गोल्फ. नो."

अशा वेळी एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? पुन्हा एकदा माफी मागितली असती, नारळ फोडून दिला असता आणि गुपचूप वर गेली असती. पण पंधरा दिवस जे तोंडातून बाहेर निघायचं नाव घेत नव्हतं ते माझ्या तोंडून नेमकं तेव्हा निघालं.

"केइको, आय ॲम व्हेरी, व्हेरी सॉरी. अँड ऑल्सो, कॅन यू कीप रमा ऑन थर्सडे?"

टायमिंग बघा! आजीच्या लग्नाचं कापड फाडून एका दमात बेबीसिटिंग!

केइकोनं कॅलेंडर बघितलं नाही की विचार केला नाही. "ऑफ कोर्स," ती म्हणाली. "व्हाय यू नॉट आस्क बिफोर?"

यावर मी काय सांगणार होते? की चपलांची तोंडं दाराकडे होती?

रात्री मंदारला फोनवर सगळं सांगितलं. तो पुरेसा हसून झाल्यावर म्हणाला, "तिला एखादी चांगली साडी देऊन टाक."

"नको! ती त्यात फ्रिज बांधून परत आणेल."

गुरुवारी सकाळी रमाला खाली सोडलं. ती आत पळाली, मागे वळूनही बघितलं नाही. टेस्टमध्ये माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. परीक्षक बाई म्हणाल्या, मी आरशात गरजेपेक्षा फारच जास्त वेळा बघते. मी म्हटलं, मागे कोण दुखावलंय ते बघायची सवय आहे. त्यांना काही कळलं नाही, पण पास केलं.

परत आले तर रमा आणि हारू खोबरं घातलेला भात खात होती. नारळ शेल्फवरून गायब होते. मी लायसन्सचा तात्पुरता कागद दाखवला. केइकोनं टाळ्या वाजवल्या, आत गेली आणि एक बॉक्स घेऊन आली. अभिनंदनाचा. चकचकीत, फुलाफुलांच्या कागदात गुंडाळलेला.

मी दोन्ही हात पुढे केले आणि थबकले. कडा दुमडून, टोकं जुळवून इतकं सुबक बांधलं होतं ते. उघडू की नको? परत द्यायचं असेल का? टेप नखानं सोडवू? मी केइकोकडे बघितलं.

"पेपर," केइको गंभीरपणे म्हणाली. मग दुसऱ्या हातानं कात्री पुढे केली, मुठीची बाजू माझ्याकडे करून. "रमाचान ममा, दिस वन, कट ओके."